मागे पडणाऱ्या मित्राचं काय करायचं?

पत्राचा गोषवारा (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

पत्रलेखक ५४ वर्षांचे आहेत आणि न्यू जर्सीत राहतात. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलच्या एकाच मजल्यावर राहणारे चौघे मित्र पुढेमागे अमेरिकेत आले. कॉलेजात असताना राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, रतनगड असं भरपूर भटकलेले. २०१८ पासून हे चौघे दर वर्षी एक आठवडा काढून अ‍ॅपलाचियन ट्रेलचा (अमेरिकेच्या पूर्व भागातून जाणाऱ्या लांबलचक पायवाटेचा) एकेक तुकडा चालतात. आतापर्यंत न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनियाचा थोडा भाग मिळून साडेतीनशे मैल झाले आहेत. त्यांच्यातला 'नाना' गेली दोन वर्षं मागे पडतो. त्याला मधुमेह आहे, उजवा गुडघा कुरकुरतो, वजनही वाढलं आहे. मागच्या ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियात लीहाय गॅपची चढण असलेल्या दिवशी सगळे सकाळी सातला निघाले. तिघे दुपारी चारला शेल्टरवर पोचले, नाना रात्री आठला. सगळ्यांत वेगानं चालणारा 'शऱ्या' दोन अनोळखी हायकर्ससमोर त्याच्यावर ओरडला. नाना काही बोलला नाही. त्यानं आपल्या सॅकमधून स्टोव्ह काढला आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. आता येत्या सप्टेंबरात न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्सला जायचं ठरतंय. शऱ्यानं नानाला वगळून 'एटी फायनल' (एटी म्हणजे हाच ट्रेल) नावाचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला असून पत्रलेखक त्यात आहेत. त्यांचा प्रश्न: "हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, मैत्रीचा नाही, हे नानाला न दुखावता कसं सांगावं? की मीही यंदा जाऊ नये? (खरं सांगायचं तर सारखं थांबून वाट बघायचा मलाही आता कंटाळा येतो.)"

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रातलं सर्वांत खरं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. कंटाळा येतो, हे लिहिलंत ते बरं झालं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घामानं भिजलेला शर्ट अंगावर आणि वारा सुटलेला, अशा वेळी कुणाची तरी वाट बघत दगडावर बसणं हा आनंदाचा भाग नव्हे. पण हा कंटाळा तुम्ही 'सुरक्षितता' या शब्दाखाली झाकून नानाकडे नेलात, तर तो ते ताबडतोब ओळखेल. तीस-पस्तीस वर्षांपासूनचा मित्र आहे तो.

तर आधी या दोन गोष्टी वेगळ्या करू. आपण कंटाळलो आहोत हा एक प्रश्न आणि नानाला धोका आहे का हा दुसरा. दुसऱ्याबद्दल तुमचंच पत्र मी पुन्हा वाचलं. चारला तुम्ही पोचलात, आठला तो. या चार तासांत मागे वळून बघायला कोण गेलं? पत्रात त्याचा उल्लेख नाही, त्यामुळे कुणी गेलं नसावं असं मी धरते. लीहाय गॅपमधून उत्तरेकडे चढणारी ती वाट मला माहीत आहे. खाली पामर्टनच्या जस्ताच्या कारखान्यांनी कित्येक दशकं ओकलेल्या धुरानं त्या डोंगरावरची झाडं मारली. हिरवळ आता परत येते आहे, पण चढ उघडा आहे, हातपाय टेकत चढायचे मोठाले दगड आहेत आणि पुढे कितीतरी मैल ना शेल्टर, ना भरवशाचं पाणी. मधुमेह असलेला माणूस या वाटेवर तेरा तास होता आणि त्यातला शेवटचा भाग अंधारात, एकटा. त्या दिवशी सुरक्षिततेचा प्रश्न होता खरा. पण तो नानाच्या गुडघ्यामुळे निर्माण झाला की तिघे पुढे निघून गेले म्हणून?

हे टोचेल. तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं म्हणून म्हणत नाहीये. तुमच्या चौघांत आजवर काहीच ठरलेलं नाही, हे मला त्यातून दिसतं. कोण पुढे असेल, कोण मागे, किती वेळानं थांबायचं, किती उशीर झाला की शोधायला जायचं, कशाचाच पत्ता नाही. पुण्यातला साधा के-टू-एस (कात्रज ते सिंहगड) काढणारा ग्रुपसुद्धा एक लीड, म्हणजे सगळ्यांत पुढे चालणारा, आणि एक स्वीप, म्हणजे सगळ्यांत मागे चालणारा, नेमतो आणि स्वीपच्या मागे कुणी राहत नाही. हॉस्टेलच्या दिवसांत तुम्हीही हे करतच असाल. वय वाढलं, ट्रेकिंगचं सामान महाग झालं, नेमका हा नियम तेवढा गळला.

आता ट्रेलकडे येते, कारण शऱ्याच्या बाजूनंही बोलण्यासारखं बरंच आहे. अ‍ॅपलाचियन ट्रेलवर 'ज्यानं त्यानं आपापलं चालावं' हे जवळजवळ धर्मवाक्य आहे. मी व्हर्जिनियात भावाकडे असताना तिथल्या शेननडोआ नॅशनल पार्कमधला भाग तुकड्यातुकड्यानं चालले आहे. तिथे सलग चालणाऱ्या पोरापोरींना बघून मला प्रथम नवल वाटायचं. एकमेकांवर जीव टाकणारी ही मंडळी दिवसभर एकत्र चालतच नसत. सकाळी एक पाचला निघे, दुसरा आठला. मधल्या झऱ्यावर गाठ पडली तर पडली. संध्याकाळी मात्र सगळे त्याच तीन भिंतींच्या लाकडी शेल्टरमध्ये. कुणी पायाचे फोड बघतंय, कुणी अस्वलाच्या भीतीनं खाण्याची पिशवी झाडाला टांगतंय, कुणी तिथल्या वहीत मागून येणाऱ्यासाठी दोन ओळी खरडतंय. हे लोक आपल्या टोळक्याला 'ट्रॅमिली' म्हणतात, म्हणजे ट्रेलवरचं कुटुंब. अशी कुटुंबं आठवड्यात जमतात आणि कुणाची नडगी दुखावली की आठवड्यात मोडतातही. मागे राहिलेला रडत बसत नाही. गावात दोन दिवस आराम करतो आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या टोळक्यात मिसळून जातो.

शऱ्या बहुधा हेच म्हणत असणार: हा ट्रेलचा कायदा आहे, यात वाईट वाटून घेण्यासारखं काय? मला यात एक खोच दिसते. त्या पोरांची दोस्ती इतकी हलकी असते, कारण तिच्यावर काही ओझं नसतं. मार्चमध्ये ट्रेलच्या सुरुवातीला, जॉर्जियात स्प्रिंगर माउंटनवर भेटलेला माणूस मेमध्ये मागे राहिला, तर कुणी कुणाचं काही लागत नाही. तुमचं तसं नाही. नानानं तुमच्या मुलीच्या बारशाला जागरण केलं असेल, शऱ्याची नोकरी गेली तेव्हा त्याला आपल्या घरी ठेवलं असेल. (हे मी कल्पनेनं लिहिते आहे, पण असलंच काहीतरी असणार.) चार अनोळखी माणसांचा नियम चार जुन्या मित्रांना जसाच्या तसा लावला की तो नियम राहत नाही, सबब होते.

आणि गंमत म्हणजे तुम्ही निघाला आहात तिथला नियम नेमका उलटा आहे. न्यू हॅम्पशायरचं फिश अँड गेम खातं आणि व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्ट यांची 'हाइकसेफ' नावाची संहिता आहे. तिच्यात स्वच्छ लिहिलंय की गट म्हणून निघालात तर गट म्हणून चाला, गट म्हणूनच संपवा आणि वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा ठेवा. हे नुसतं सुभाषित नव्हे. त्या राज्यात बेपर्वाईनं वागून अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. हवामान तर तुम्हाला मी सांगायला नको. ट्रेल ज्या माउंट वॉशिंग्टनवरून जातो, त्या जेमतेम ६,२८८ फुटांच्या शिखरावर एप्रिल १९३४ मध्ये ताशी २३१ मैलांचा वारा मोजला गेला आहे. झाडांची रेषा संपल्यावर तिथे आडोसा नाही. 'नाना येईल मागून' हे वाक्य पेनसिल्व्हेनियात खपून गेलं, माउंट वॉशिंग्टनच्या या प्रेसिडेन्शियल रेंजवर खपणार नाही.

म्हणजे नानाला वगळणंच बरोबर, असं तुम्हाला वाटेल. थांबा. आधी थोडा हिशेब मांडू, तुम्ही सगळे इंजिनिअर आहात. व्हाइट माउंटन्समध्ये चालणारे वेळेचा एक जुना अंदाज वापरतात: दर मैलाला अर्धा तास आणि दर हजार फूट चढाला आणखी अर्धा तास. आठ मैल आणि तीन हजार फूट चढ असा दिवस धरला तर साडेपाच तास होतात. पन्नाशी ओलांडलेल्या, पाठीवर सॅक घेतलेल्या तुम्हा तिघांना त्याला सात लागतील असं समजा. मागच्या वर्षी तुमचे नऊ तास, नानाचे तेरा. तेच प्रमाण लावलं तर त्याला दहा. सकाळी आठला निघालात तर संध्याकाळचे सहा. सप्टेंबरच्या मध्यात तिथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. हाताशी उरला एक तास, तोही पाऊस नसेल, गुडघा उतारावर बोलला नाही आणि साखर नीट राहिली तर. हा कागद घेऊन नानाशी बोलता येतं. 'तू आता हळू झालास रे' यावर बोलता येत नाही.

पण बोलण्याआधी आणखी एक काम करा आणि ते खरंच करा. वजनकाटा काढा. तुम्ही लिहिलंय की स्टोव्ह नानाच्या सॅकमध्ये होता. दुसऱ्या एका ठिकाणी लिहिलंय की भातावर घालायचं मेतकूट, तूप, आल्याचा चहा, दुधाची पावडर आणि औषधांची पेटी 'नेहमीप्रमाणे' त्यानंच आणली होती आणि न्यूयॉर्क राज्यात एका शेल्टरवर त्यानं दोन उपाशी पोरांना मेतकूट-भात घातल्यावर ती त्याला 'मेटकूट' म्हणूनच हाक मारायला लागली. शऱ्याची सॅक मात्र सगळी मिळून नऊ किलो आहे, हे तुम्ही कौतुकानं सांगता. अहो, चौघांचं स्वयंपाकघर एकाच्या पाठीवर, त्याचाच गुडघा दुखरा आणि हळू का चालतो म्हणून त्याच्यावरच ओरडा! मागच्या ऑक्टोबरात तुम्ही तिघे दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत चहावाचून बसलात, कारण चहा मागून येत होता. सामान चार सॅकमध्ये सारखं वाटलंत तर नाना एकदम हरिण होणार नाही, पण तेराचे अकरा झाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

एक बारीक गोष्ट, जी वेगानं चालणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पुढचे तिघे टेकडीवर पोचतात, बसतात, पाणी पितात, चिक्की खातात. पंधरा मिनिटांनी चौथा धापा टाकत येतो. तो दिसला रे दिसला की तिघे पँट झटकत उठतात, 'चला!' म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज, त्याला दिवसभरात ती मिळतच नाही. तो लाजेनं 'मी बसतो' म्हणत नाही, तसाच पुढे निघतो आणि दुपारनंतर आणखी मागे पडतो. तुम्ही ज्याला नानाचा वेग म्हणता, त्यातला काही भाग असा तुम्हीच तयार केलेला असू शकतो. उपाय सोपा आहे. तो पोचला की घड्याळात दहा मिनिटं बघायची आणि निघताना त्याला सगळ्यांत पुढे घालायचं. सकाळी तो अर्धा तास आधी निघाला तरी चालेल, पण एकटा नाही, आळीपाळीनं तुमच्यापैकी एक जण त्याच्यासोबत.

आता तुमच्या शऱ्याचं 'फायनल'. कसलं फायनल हो? संपूर्ण ट्रेल चौदा राज्यांतून जवळजवळ २,२०० मैल जातो. तुम्ही २०१८ पासून साडेतीनशे केलेत. राहिले साधारण १,८५०. वर्षाला साठ मैल या गतीनं आणखी तीस वर्षं लागतील. शऱ्या तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा असेल आणि मला भीती आहे की त्या वेळी तुमच्यातलाच कुणीतरी त्याला वगळून नवा ग्रुप काढेल. निवृत्तीनंतर दर वर्षी दोन-दोन महिने द्यायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. पण आज 'नानामुळे ट्रेल पूर्ण होणार नाही' हे म्हणणं आकड्यात बसत नाही. ट्रेल पूर्ण करणाऱ्याची नोंद अ‍ॅपलाचियन ट्रेल कन्झर्व्हन्सी ठेवते, तीही एका दमात चालणारा आणि तीस वर्षांत तुकड्यांनी चालणारा यांत फरक करत नाही. क्रम विचारत नाही, वेग विचारत नाही, ज्याच्या त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते. एमा गेटवुड नावाच्या बाई १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी साधे कॅनव्हासचे बूट घालून, घरी शिवलेली पिशवी खांद्याला लावून हा सगळा ट्रेल एकट्यानं चालल्या. आधीच्या वर्षी त्या वाट चुकल्या होत्या, चष्मा फुटला होता आणि वनरक्षकांनी त्यांना घरी पाठवलं होतं. पुढे त्यांनी तो तिसऱ्यांदा पूर्ण केला तो तुकड्यांनी, पंचाहत्तरीच्या आसपास. त्यामुळे चौपन्नाव्या वर्षी घाई कसली, हे शऱ्याला विचारा. टोमणा म्हणून नाही, खरंच विचारा. कदाचित त्याच्याही शरीरात काहीतरी कुरकुरायला लागलं असेल आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नसेल. जी माणसं दुसऱ्याच्या हळू चालण्यावर एवढी चिडतात, ती पुष्कळदा स्वतःच्या म्हातारपणाला घाबरलेली असतात. हा माझा अंदाज, चूक असू शकतो.

शऱ्याला वेगानं चालायचं असेल तर त्यात पाप नाही, हेही सांगते. वर्षातून एक आठवडा त्यानं एकट्यानं किंवा तुमच्यासोबत खुशाल तुडवावा, दिवसाला वीस मैल. तो त्याचा ट्रेक. चौघांचा आठवडा तो वेगळा. भांडण होतं ते एकाच आठवड्यात दोन्ही कोंबायला गेलं की.

मग सप्टेंबरचं काय करावं? मला तीन वाटा दिसतात आणि त्यांतली कुठली घ्यायची ते नानाशी बोलल्याशिवाय ठरवू नका.

पहिली म्हणजे जागाच बदलायची. यंदा व्हाइट माउंटन्स सोडून शेननडोआ घ्या. शंभरेक मैलांचा हा भाग सौम्य आहे. ट्रेल आणि स्कायलाइन ड्राइव्ह नावाचा रस्ता एकमेकांना सारखे छेदत जातात, त्यामुळे कुणाला थांबायचं असेल तर मैल-दोन मैलांत रस्ता सापडतो. मधे खाण्यापिण्याच्या जागा आहेत आणि तिथला ब्लॅकबेरीचा मिल्कशेक, तो मात्र नानानं डॉक्टरांना विचारून प्यावा. एखादी गाडी ठेवून मोठं सामान पुढच्या मुक्कामी पाठवलंत तर दिवसभर पाठीवर फक्त पाणी आणि खाऊ. शऱ्या म्हणेल ही फसवणूक आहे. त्याला सांगा, पंढरीच्या वाटेवर दिंडीचं सामानही ट्रकनं पुढे जातं, म्हणून वारकऱ्याची वारी कुणी अर्धी मोजत नाही.

दुसरी वाट व्हाइट माउंटन्सचीच, पण चौघांनी तिथे जाऊन थोडं एकत्र, थोडं वेगळं चालायचं. तिथे अ‍ॅपलाचियन माउंटन क्लबची आठ हट्स आहेत. झोपायला बंक, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता मिळतो, म्हणजे स्टोव्ह, तंबू, भांडी काहीच लागत नाही. स्वस्त नाहीत आणि पूर्ण सेवेचे दिवस हटप्रमाणे बदलतात, तेव्हा तारखा आधी बघा. त्यांतली दोन ट्रेलवरच आहेत आणि रस्त्यापासून जवळ आहेत: लोन्सम लेक हट फ्रँकोनिया नॉचच्या (नॉच म्हणजे खिंड) रस्त्यापासून दीडेक मैल चढून आणि झीलंड फॉल्स हट झीलंड रोडच्या टोकापासून पावणेतीन मैल, जवळजवळ सपाट. पहिला मुक्काम चौघांचा लोन्सम लेकला. दुसऱ्या दिवशी तिघे फ्रँकोनिया रिजवर चढतील, पुढचे गारफिल्ड, गेलहेड हे टप्पे करत झीलंडला उतरतील. नाना मधले दिवस खाली गावात काढेल, त्याला हवं ते करेल आणि ठरल्या संध्याकाळी झीलंडला येऊन भेटेल. तिथून क्रॉफर्ड नॉचपर्यंतचे सात-आठ मैल जुन्या लाकूडवाहू रेल्वेच्या मार्गावरून जातात आणि व्हाइट माउंटन्सच्या मानानं अगदी सोपे आहेत. ते पुन्हा चौघांनी. यात एकच धोका आहे. नानाचा ड्रायव्हर करू नका. 'तू गाडी आण रे' असं झालं तर त्यापेक्षा त्याला न बोलावलेलं परवडलं. ही कल्पना तुम्ही त्याच्यापुढे ठेवा, पण ती आवडली नाही तर नाही म्हणायची मुभा त्याला खरोखरची द्या.

तिसरी वाट, यंदा तिघांनीच जायचं. ही मी रद्द करत नाही. कधीकधी हेच बरोबर असतं. पण मग ते नानाला जाण्याआधी, तोंडानं, तुमच्याकडून कळलं पाहिजे. फेसबुकवरच्या फोटोतून नव्हे. आणि त्याच वेळी पुढच्या वर्षीच्या चौघांच्या आठवड्याची तारीख ठरली पाहिजे, नाहीतर 'यंदापुरतं' हा शब्द पोकळ होतो.

तुम्ही स्वतः जाऊ नये का, असं विचारलंत. नाना येत नाही म्हणून तुम्हीही घरी बसलात तर त्या त्यागाचं ओझं पुन्हा नानाच्याच पाठीवर. असं काही करू नका.

बोलायचं कसं? फोन उचला. शऱ्या, चौथा मित्र आणि तुम्ही तिघांनी मिळून एकदम करू नका, ते खटला भरल्यासारखं होतं. तुम्ही एकट्यानं करा. आधी मागच्या ऑक्टोबरचं बोला: "त्या दिवशी तुला चार तास मागे सोडलं आणि शऱ्या ओरडला तेव्हा मी गप्प बसलो. ते बरोबर नव्हतं." एवढंच, लांबण लावू नका. मग थेट विचारा: "तुला सप्टेंबरात काय करायला आवडेल?" हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेला तुमच्या पत्रात दिसत नाही. तुम्ही सगळे असं धरून चालला आहात की नानाला प्रत्येक मैल चालायचाच आहे आणि त्याला अडवायचं कसं. मला तर शक्यता अशीही दिसते की तो दोन वर्षं केवळ तुमच्यासाठी येतोय. चढ त्याला नकोच असेल, शेल्टरवरची संध्याकाळ हवी असेल आणि 'मी येत नाही' म्हटलं तर आपण गळालो, या भीतीनं ओढत असेल स्वतःला. भिडेपोटी चौघेही एकमेकांना न आवडणारा ट्रेक करताहेत, असंही असू शकतं. विचारल्याशिवाय कळणार नाही.

दुसऱ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल सांगायचं का? माझ्या मते सांगा. अशा गोष्टी लपत नाहीत. कुणीतरी चुकून भलत्या ग्रुपवर तिकिटाचा स्क्रीनशॉट टाकतं आणि मग वीस वर्षं ते निघत राहतं. एका वाक्यात सांगा, शऱ्यावर ढकलू नका, कारण तुम्हीही त्यात होतात. आणि शऱ्याला आधी कळवा की तुम्ही हे सांगणार आहात.

तब्येतीचं मात्र नानावर सोपवून मोकळे होऊ नका. त्यानं डॉक्टरांना 'चालू का?' एवढंच न विचारता दिवसाचे तास, चढ आणि मुक्काम दाखवून विचारावं: गोळ्या किंवा इन्सुलिनचं प्रमाण त्या दिवसांत बदलायचं का, साखर किती वेळानं तपासायची. साखर एकदम उतरली तर काय दिसतं आणि काय द्यायचं, हे उरलेल्या तिघांनाही पाठ हवं आणि ग्लुकोजच्या गोळ्या प्रत्येकाच्या खिशात हव्यात, कारण ती वेळ येते तेव्हा त्याची सॅक उघडायला तो स्वतः उपयोगी पडत नाही. गुडघ्यासाठी दोन काठ्या आणि आतापासून आठवड्यातून दोनदा जिने उतरण्याचा सराव. चढ फुप्फुसाला लागतो, गुडघ्याला लागतो तो उतार.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न वेगवेगळ्या वेषांत येतो. ठाण्याच्या एका मैत्रिणींच्या ग्रुपनं कळसूबाईबद्दल साधारण हेच विचारलं होतं. त्यांच्यासाठी आणि खासकरून जे मागे पडतात त्यांच्यासाठी दोन शब्द. हळू चालणं लपवू नका. 'आलोच, तुम्ही व्हा पुढे' हे आपण दाखवलेलं सौजन्य पुढच्यांना परवानगीसारखं ऐकू येतं. निघायच्या आदल्या रात्रीच सांगा की मला या वाटेला अमुक तास लागतात, मला दर तासाला दहा मिनिटं बसायला लागतं आणि माझ्यामागे कुणीतरी हवं. एवढं ऐकून ज्यांचा चेहरा पडतो, त्यांच्यासोबत गड चढण्याऐवजी सिनेमाला जा. मैत्री तीच राहील.

तुम्हाला शेवटी एवढंच, की हट्सचे सप्टेंबरचे बंक, विशेषतः शनिवार-रविवारचे, लवकर भरतात. त्यामुळे नानाला फोन बुकिंगच्या आधी करा. बुकिंग तिघांचं करून मग फोन केलात, तर वर लिहिलेलं सगळं वाया गेलं.